चित्राखालच्या चार ओळी

संपादकांचा फोन आला, ‘चित्रकार म्हणून तुम्ही कशा घडलात, त्यावर लिहा.’ मी म्हटलं, घडले-बिडले काही नाही हो. मी चित्रं काढते आणि विकते. दुकान नाही, गॅलरी नाही, मधला माणूस नाही. तळेगावात आमच्या मागच्या खोलीत एक टेबल आहे, एक खिडकी आहे आणि हातात मोबाइल आहे. एवढ्या भांडवलावर गेली आठ-नऊ वर्षं धंदा चालला आहे. ते म्हणाले, ‘मग त्यावर लिहा.’ बरं झालं म्हणाले. या धंद्यातली एक गोष्ट मला कधीची सांगून टाकायची होती.

आधी माझी जुनी नोकरी सांगते. देहूरोडच्या एका डेपोत मी चौदा वर्षं ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय, हे आता कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर पातळ पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न् रेघ वर उतरवायची. आहे ते काढायचं, नाही ते काढायचं नाही. आपल्या पदरचं काही घातलं, की तिकडे कारखान्यात नट बसायचा नाही आणि इकडे साहेबांच्या शिव्या बसायच्या. पुढे कॉम्प्युटर आले, नकाशे पडद्यावर गेले आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. हात तयार होता. रिकामा ठेवला असता तर मी घरातल्यांचं डोकं खाल्लं असतं, म्हणून शाई आणि जलरंग घेऊन बाहेर पडायला लागले. कामशेतचा बाजार, मळवलीचं फाटक, कार्ल्याच्या पायथ्याच्या फुलवाल्या. दिसेल ते काढायचं. एका मैत्रिणीने त्यातली चार चित्रं फोनवर टाकायला लावली आणि आठवड्याभरात त्यातलं एक नाशिकला गेलं. मला वाटलं, ही कुणी ओळखीचीच असणार. तर नाही! एका अनोळखी बाईने केवळ आवडलं म्हणून घेतलं होतं. त्या दिवशी मी नवऱ्याला तीनदा चहा करून दिला.

लोकांना वाटतं, चित्र काढणं अवघड आणि विकणं सोपं. उलटं आहे. चित्र सकाळच्या उजेडात खिडकीशी धरून फोटो काढायचा, तर फोनमध्ये निळा जांभळा दिसतो आणि पिवळा आजारी. पावसाळ्यात आमच्याकडे कागद पापडासारखा नाही, पुरणपोळीसारखा होतो. हातात धरला की मान टाकतो. चित्र दोन पुठ्ठ्यांत घालायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, चारी कोपरे बांधायचे आणि वर ‘वाकवू नये’ असं लिहायचं. ते वाचून कुरियरवाले नेमकं वाकवतात. शिवाय मूळ चित्र आणि छापील प्रत यांतला फरक माणसांना समजावत बसायचा. मूळ एकच असतं. ते ज्याच्याकडे गेलं त्याचं झालं, माझ्याकडे फक्त फोटो उरतो.

गिऱ्हाइकंही एकेक. लोणावळ्याला बंगला असलेल्या एका बाईंनी माझं नागफणी डोंगराचं चित्र घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोन, ‘यातलं धुकं थोडं कमी करता येईल का? डोंगर दिसत नाही.’ मी म्हटलं, ‘अहो, श्रावणात तिथे डोंगर दिसतो का?’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून तर चित्र घेतेय ना! खिडकीतून दुसरं काय दिसतं?’ बाईंचं बरोबर होतं. त्यांना मी स्वच्छ उन्हातला डोंगर काढून दिला, तो अजून त्यांच्या धुक्यातल्या खोलीत लटकतो आहे.

तर असं चाललं होतं. पण धंद्यात थोडी मुरले तशी एक मेख माझ्या लक्षात आली. फोनवर लोक चित्र आधी बघत नाहीत, खालचा मजकूर आधी वाचतात. नुसतं ‘कामशेत बाजार, जलरंग’ असं लिहिलं तर ओळखीचे लोक अंगठा दाखवून पुढे जातात. खाली चार ओळींची गोष्ट असली, त्यातही डोळ्यांत पाणी आणणारी, तर लोक थांबतात, पुढे पाठवतात आणि विकत घेतात. एकदा मी वडगावच्या एका बंद चहाच्या टपरीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, ‘इथे रोज उकळणारा चहा एक दिवस कायमचा थांबला.’ झालं! दोन दिवसांत चित्र गेलं. खरं तर त्या दिवशी मंगळवार होता आणि ती टपरी मंगळवारी बंदच असते. बुधवारी मी स्वतः तिथे चहा प्यायले. मालकाला काही बोलले नाही.

तेव्हाच कान पकडायला हवे होते. पण चटक लागली होती.

त्या वर्षी वैशाखात एका सकाळी मी घोरावाडी स्टेशनवर गेले होते. छोटं स्टेशन, एरवी गर्दी बेताची, झाडाची सावली चांगली पडते. समोरच्या फलाटावर बाकावर एक म्हातारी बसली होती. पांढरी शुभ्र साडी, डोक्यावर पदर, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी, आणि मान वळवून एकटक दूर कुठेतरी बघत होती. इतका सुंदर चेहरा! सुरकुत्या अशा, की प्रत्येकीला वेगळी रेघ पाहिजे. मी भराभर आकृती टिपली, दोन फोटो काढले. पंधरा मिनिटांत लोकल आली आणि ती दिसेनाशी झाली. जिना चढून पलीकडे जावं, दोन शब्द बोलावे, हे माझ्या मनातही आलं नाही. आणखी एक सांगते, कारण लपवून उपयोग नाही. त्याच फलाटावर आणखी चार-पाच बायका पांढऱ्या साड्यांत उभ्या होत्या. मी त्यांना चित्रात घेतलं नाही. एकटी बाई चित्रात चांगली दिसते.

आठ दिवस त्या चित्रावर बसले. चेहरा हुबेहूब उतरला. मग खाली चार ओळी लिहिल्या: ‘पांढऱ्या साडीतली ही माउली रोज घोरावाडी स्टेशनवर येते. धनी देवाघरी गेला. एकुलता मुलगा शहरात गेला, तो परतलाच नाही. मांडीवर गाठोडं घेऊन ती त्याची वाट बघते.’ लिहून झाल्यावर माझे मलाच डोळे पुसावे लागले, इतकी मी माझ्यावर खूश झाले.

ते चित्र जे सुटलं! जे लोक मला ओळखतही नव्हते त्यांनी ते पुढे पाठवलं. ‘आजकालची मुलं’, ‘अशा मुलांना धडा शिकवायला पाहिजे’, असं काय काय लोक लिहीत होते. हैदराबादहून एका मराठी गृहस्थांचा फोन आला. आवाज जड झालेला. म्हणाले, ‘माझी आई गावी एकटी आहे. तुमचं चित्र बघून रात्रभर झोप नाही. मूळ चित्र मलाच द्या. आणि या माउलीची आणखी चार चित्रं करा, पावसातली, थंडीतली. ऑफिसात लावतो.’ माझं वर्षभराचं काम झालं. एवढं मोठं काम मला तोवर कुणी दिलं नव्हतं. मी चित्र पुठ्ठ्यात घातलं, कोपरे बांधले, आणि पावसातली माउली कशी बसवावी याचा विचार करू लागले.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात फुलाफुलांच्या साडीतली, चष्मा लावलेली एक ठणठणीत म्हातारी. हातात पर्स.

“तुमीच का चित्रवाल्या बाई?”

“हो. आपण?”

“मी ती. टेशनावरची.”

मी हरखलेच. “अगंबाई! मावशी, तुम्ही? या ना, बसा.” मला खरंच वाटलं, की बाई कौतुकाने आली आहे. धावत पाणी आणलं.

“पानी ऱ्हाऊ द्या,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “आधी सांगा, माजा मालक कवा गेला?”

“अं?”

“न्हाई, म्हंजी दिस कोन्ता धरला तुमी? घरी विचारत्यात. मी निगाले तवा च्या पिऊन रेडू लावून बसलेते.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी कसंबसं म्हटलं, “मावशी, तुम्ही पांढरी साडी नेसला होतात, म्हणून मला वाटलं...”

“अवं बाई, पुनव होती! वैशाखाची पुनव. आमी पुनवेला पांडरंच नेसतो. देहूरोडला विहारात चाललेते वंदनेला. फडक्यात डबा होता खिरीचा.”

धरणीमाता पोटात घे म्हणतात, तसं झालं. कारण हे मला माहीत होतं. देहूरोडला चौदा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर कमल नावाची बाई बसायची. दर वैशाखी पौर्णिमेला ती अर्धी रजा टाकायची, पांढरी साडी नेसून विहारात जायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वाटीभर खीर आणायची. चौदा वर्षं मी ती खीर खाल्ली. आणि घोरावाडीच्या फलाटावर पाच बायका पांढऱ्या साड्यांत बघून मला एक विधवा दिसली. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. विकायला निघालेल्या डोळ्यांना ते बघायचंच नव्हतं.

“मालकाचं काय न्हाई,” मावशी म्हणाली, “ते लय हासले. पर माज्या मिलिंदचं काय?”

मग तिने सगळं सांगितलं. तिचं नाव शेवंताबाई. देहूरोडच्याच दुसऱ्या एका डेपोत पॅकिंगला होती, पेन्शनवर निवृत्त झाली. मिलिंद हा तिचा एकुलता एक मुलगा, वडगावला कचेरीत कारकून. जन्मापासून आईजवळच राहतो. त्याची मुलगी प्रज्ञा, तिची सोयरीक लोणावळ्याच्या मुलाशी जवळजवळ ठरलेली. आणि माझं चित्र फिरत फिरत नेमकं त्या लोकांच्या फोनवर गेलं होतं. चेहरा हुबेहूब, स्टेशनाचं नाव खाली लिहिलेलं. थोडं वाईट काढलं असतं तर कुणी ओळखलंही नसतं.

“पोराच्या आईनं फोन केला. म्हनली, आबा तर हायेत, ते आमी बघितलंय. पर आजीला मधी कुटं ठिवलं होतं का? कायतरी असल्याबिगर कोन कशाला लिवंल? आता रविवारी समदी येनारेत, बसून बोलायला. माजं पोर दोन दिस झालं नीट जेवलं न्हाई. म्या रस्ता वलांडताना अजून हात धरतंय ते माजा. आन् तुमी लिवलं, परतलाच न्हाई!”

“मावशी, आत्ता काढून टाकते. आत्ताच्या आत्ता.”

“काडून काय हुतंय? लोकांच्या फोनात गेलंय की ते. मला माज्या पोराचं नाव जसंच्या तसं पायजे. रविवारच्या आत.”

प्रज्ञाचा नंबर टेबलावर ठेवून ती उठली आणि गेली. पाण्याला हात लावला नाही.

मी ते चार ओळींचं पाप त्याच मिनिटाला पुसलं आणि खरं काय ते लिहिलं. बाईंचा नवरा हयात आहे, मुलगा जवळ राहतो, त्या पौर्णिमेच्या वंदनेला निघाल्या होत्या, मी न विचारता खोटं लिहिलं, माफ करा. दिवसभर फोन घेऊन बसले. वाचलं कुणी? ओळखीच्या सात-आठ जणांनी. एकाने तर लिहिलं, ‘आधीचीच गोष्ट छान होती.’ असा संताप आला, की फोन भिंतीवर फेकावा. खोटं चालत नाही, धावतं; आणि मी माझ्या हाताने त्याला वाटेला लावलं होतं.

मग हैदराबादला फोन केला. ते काम जाणार हे दिसत होतं, पण निदान त्या माणसाला तरी फसवायचं नव्हतं. सगळं सांगितलं.

“म्हणजे नवरा आहे त्यांना?”

“आहे.”

“आणि मुलगा?”

“घरातच राहतो.”

“मग त्या तशा सुखी आहेत?”

“चांगल्याच. मला येऊन झापून गेल्या.”

“मग नको मला ते चित्र,” ते म्हणाले. रागावले नव्हते, हिरमुसले होते. “मी ज्या बाईसाठी घेत होतो, ती ही नव्हे.”

फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. बाई सुखात आहे हे ऐकून माणसाचा मूड जातो म्हणजे काय! मग राग ओसरला. त्यांना दुःख मीच विकलं होतं, तेव्हा त्यांनी दुसरं काय मागावं? वर्षाचं काम गेलं होतं. पण खरं सांगते, चित्राचे बांधलेले कोपरे सोडताना मला एकदम मोकळं वाटलं. पावसातली माउली नाही, थंडीतली माउली नाही, त्या बाईला आणखी चार वेळा रडवायचं नाही. सुटले!

पण मावशी सुटली नव्हती. शुक्रवार आला. लिहून दुरुस्त होणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. मी प्रज्ञाला फोन केला, म्हटलं, रविवारी पाहुण्यांसमोर येऊन मी स्वतः सांगितलं तर चालेल का? मग आत काहीतरी बोलणं झालं आणि ती म्हणाली, “आजी म्हणतेय, या. आणि ते चित्र घेऊन या. तिने अजून नीट बघितलं नाहीये.”

रविवारी नवऱ्याने विचारलं, ‘येऊ का बरोबर?’ मी नको म्हटलं. आपली फजिती बघायला घरचं माणूस कशाला? चित्र काखेत धरून रिक्षात बसले. स्टेशनापलीकडे त्यांचं दोन खोल्या वर, दोन खोल्या खाली असं नेटकं घर. दारात खुर्ची टाकून एक पांढऱ्या मिशीचे आजोबा बसले होते. मला बघून उठले, हात जोडले.

“या, या. मी त्यो. वारल्याला.”

मला हसावं का रडावं कळेना. “आबा, चुकलं माझं,” म्हटलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या वो. गावात लोक इचारपूस तर कराया लागलेत.”

आत मिलिंद होता. पन्नाशीचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. त्याने माझ्यासाठी खुर्ची सरकवली, पण नजर दिली नाही. थोड्या वेळाने एवढंच बोलला, “मॅडम, एकदा विचारायचं तरी. आई बोलते हो कुणाशीही.” ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

पाहुणे आले. मुलाचे आईवडील आणि मामा. मुलाची आई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात देखरेखीचं काम करणारी, बोलायला सरळ. मामा मात्र कोर्टात साक्ष घ्यायला आल्यासारखे बसले होते. पोहे आले, चहा आला, हवापाण्याचं बोलणं झालं. मग मी उभी राहिले. या वयात इतक्या लोकांसमोर ‘मी खोटं बोलले’ म्हणायचं म्हणजे चेष्टा नाही.

“ते चित्र माझं आहे,” मी म्हटलं, “आणि त्याखालचं लिहिलेलं सगळं माझ्या मनाचं आहे. मी यांना ओळखत नव्हते. विचारलंही नव्हतं.”

मुलाच्या आईने माझ्याकडे नीट बघितलं. “मग असं लिहिलंत कशाला?”

“विकलं जातं म्हणून.”

“दुःख?”

“हो.”

“आणि चांगलं लिहिलं तर?”

“त्याला गिऱ्हाईक नाही. परवाच एक परत गेलं.”

आबा खो खो हसले. पण मामा हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली. “बाई, राग मानू नका. पण परवापर्यंत तुम्ही खोटं लिहीत होता. आज सांगताय ते तरी खरं कशावरून? यांनी तुम्हाला बोलावूनच आणलंय की.”

मिलिंदची मान खाली गेली. माझा शब्द मीच फुकट घालवला होता, आणि त्याची किंमत तो माणूस भरत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“चित्र तर बघू द्या,” मुलाची आई म्हणाली.

मी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. सगळे पुढे वाकले. मावशीने चष्मा पुसला आणि पहिल्यांदा आपलं चित्र बघितलं. “नाक जरा मोटं झालंय,” म्हणाली.

मुलाची आई मात्र चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिने बाकावर बोट ठेवलं. “ही बॅग कुणाची?”

बाकावर मावशीच्या शेजारी एक काळी बॅग होती आणि मावशीचा एक हात त्या बॅगेवर होता. मी ती काढली होती, कारण ती तिथे होती. बाकीच्या बायका गाळता आल्या, पण बॅग गाळायची तर हात हवेत लटकला असता. आठ दिवस त्या बॅगेवर ब्रश फिरवला आणि ती कुणाची असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

“ती व्हय?” मावशी म्हणाली. “मिलिंदची. त्यो तिकिटं काडाया गेलता. म्हनला, आई, बॅगंवर हात ठिव, मी आलोच. पुनवंची लय मोटी लाइन. गाडी याची येळ झाली तरी ह्याचा पत्त्या न्हाई! मान मोडूस्तवर बगत हुते खिडकीकडं.”

मिलिंद उठला. आत गेला आणि बॅग घेऊन आला. रोजची, कचेरीत न्यायची, काळी रेक्झिनची. त्याने ती चित्राशेजारी जमिनीवर ठेवली. बॅगेचा पट्टा एका बाजूने तुटलेला होता आणि आईने तो निळ्या दोऱ्याने जाड टाके घालून शिवलेला होता. मामांनी बॅग उचलली, पट्टा बघितला. मग चित्राजवळ तोंड नेलं. चित्रातल्या पट्ट्यावर पाच निळे टाके होते. त्यांनी बॅगेवरचे मोजले. पाच.

“बाई,” मामा म्हणाले, “हात खरा आहे तुमचा. लिहीत जाऊ नका.”

आणि मग ते हसले. ते हसले तसे सगळेच हसले. मुलाच्या आईने मिलिंदला म्हटलं, “भाऊ, मी फोनवर विचारायला नको होतं. आईला रांगेत उभं करायला नको म्हणून बसवून जाणारा मुलगा, आणि आम्ही काय काय धरून बसलो!” मिलिंदने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, “पोहे आहेत का अजून?” मावशी इतक्या लगबगीने उठली, की आबा म्हणाले, गुडगं दुखत हुतं न्हवं? दोन बशा पोहे त्याने खाल्ले, आणि मावशी त्याच्यासमोर बसून घास मोजत होती. माझ्या छातीवरची शिळा उतरली. मीही मग पोहे मागून घेतले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

साखरपुड्याची तारीख निघाली. पाहुणे गाडीत बसून गेले. मी चित्र उचलायला गेले, तर प्रज्ञा म्हणाली, ते ती आपल्या नव्या घरी नेणार. मला त्याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसतं. आमच्यात चित्राच्या पाठीमागे नाव लिहून द्यायची रीत आहे. मी पेन काढलं आणि मावशीला विचारलं. अख्ख्या धंद्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं.

“काय लिहू, मावशी? तुम्ही सांगाल ते.”

तिने चित्राकडे बघितलं, मग पोहे संपवून हात धुणाऱ्या मुलाकडे.

“लिवा,” ती म्हणाली, “मिलिंद तिकिटं काडाया गेलाय.”

तिच्याच शब्दांत मी ते लिहिलं. आबा दारातून ओरडले, “आन् मी?”

“तुमी घरात घोरत हुता.”

“मंग तेबी लिवा. न्हायतर ह्या बाई फिरून मला मारत्याल.”

तेही लिहिलं.